सागवानी जहाजांची निगा व डागडुजी : मुंबई गोदी ते ‘ट्रिंकोमाली’ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील सागरी इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने आरमारी लढाया, व्यापारी मार्ग आणि जहाजबांधणी यांकडे वेधले जाते. जहाज कोणी बांधले, ते केव्हा पाण्यात उतरले, त्यावर किती तोफा होत्या, कोणत्या युद्धात त्याने भाग घेतला, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ ग्रंथांतून मिळतात. परंतु पाण्यात उतरलेले लाकडी जहाज पुढील पन्नास, शंभर वा दोनशे वर्षे कशाच्या बळावर टिकले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विचारला गेलाच तर ‘सागवानाचे होते म्हणून टिकले’ असे एका वाक्यात उत्तर देऊन तो संपविला जातो.

हे उत्तर खोटे नाही, पण ते अपुरे आहे. सागवान हे लाकूड टिकाऊ आहे, यात शंका नाही. तथापि ऊन, पाऊस, खारे पाणी, शेवाळ आणि लाकूड पोखरणारे सागरी जीव यांच्याशी प्रत्येक जहाजाला अखंड झुंज द्यावी लागते. त्या झुंजीत लाकडाच्या अंगच्या गुणांइतकाच माणसाच्या हातांचा वाटा असतो. फटी बुजविणे, तळ खरवडणे, तेलाचे हात देणे, कुजलेली फळी काढून नवी बसविणे ही कामे वर्षानुवर्षे करणाऱ्या कारागिरांचा इतिहास हा जहाजांच्या इतिहासाचा दुर्लक्षित भाग होय. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. जहाजासाठी सागवान उपयुक्त ठरण्यामागील कारणांचा व त्याच्या मर्यादांचा आढावा घेणे.
२. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांची निगा राखण्याच्या पारंपरिक पद्धती समजून घेणे.
३. मुंबई गोदीच्या उदयात दुरुस्तीच्या कामाचे स्थान स्पष्ट करणे.
४. मुंबईत बांधलेल्या व आजही अस्तित्वात असलेल्या ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाच्या आधारे निगा आणि टिकाऊपणा यांचा संबंध तपासणे.

सागवानाचे गुणधर्म व मर्यादा

सागाचे शास्त्रीय नाव ‘टेक्टोना ग्रँडिस’ असे आहे. या वृक्षाच्या गाभ्याच्या लाकडात नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोनसारखी द्रव्ये असतात. त्यामुळे वाळवी व बुरशी यांना ते सहजासहजी बळी पडत नाही. ओले-कोरडे होताना ते फारसे फुगत वा आकसत नाही. म्हणून फळ्यांचे सांधे दीर्घकाळ घट्ट राहतात. त्यात सिलिकेचा अंशही असतो. सुताराच्या रंध्याची आणि वाकसाची धार सागवानावर लवकर बोथट होते, त्याचे कारण हेच.

युरोपीय जहाजांत ओक वृक्षाचे लाकूड वापरले जात असे. ओकमधील आम्लद्रव्यांमुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात आणि गंजलेल्या खिळ्याभोवतीचे लाकूडही दुर्बळ होते. सागवानात हा दोष जवळजवळ नाही. उलट त्यातील तेलामुळे लोखंडाचे काही प्रमाणात रक्षण होते. म्हणूनच लाकडी जहाजांचे युग संपत आल्यावरही सागवानाचे महत्त्व कमी झाले नाही. १८६० साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश चिलखती युद्धनौकेच्या साडेचार इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यामागे १८ इंच जाडीचा सागवानी आधार देण्यात आला होता.

या गुणांबरोबर सागवानाच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा म्हणजे गाभ्याबाहेरचे कोवळे लाकूड टिकाऊ नसते. जहाजबांधणीत ते चुकून राहिले, तर कूज तेथूनच सुरू होते. दुसरी मर्यादा अशी की, टेरेडो या शिंपलावर्गीय जीवाला सागवान बराच प्रतिकार करीत असले, तरी ते पूर्णतः अभेद्य नाही. तिसरी मर्यादा सूर्यप्रकाशाची. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडातील लिग्निन हा बांधून ठेवणारा घटक विघटित होतो आणि पृष्ठभाग करडा पडतो. हा करडेपणा वरवरचा असतो; त्याखालचे लाकूड सुदृढ राहते. परंतु हाच थर वारंवार घासून काढला गेल्यास फळीची जाडी घटत जाते. चौथी बाब गोड्या पाण्याची आहे. कूज निर्माण करणाऱ्या बुरशीला खारे पाणी मानवत नाही. पावसाचे गोडे पाणी मात्र सांध्यांत साचून राहिले, तर ते तिला पोषक ठरते. समुद्रात चालणाऱ्या जहाजाला समुद्रापेक्षा पावसाचे भय अधिक असते, हे सत्य कोकणासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात विशेष महत्त्वाचे ठरते.

पश्चिम किनाऱ्यावरील निगेची परंपरा

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यानंतर त्या परिसरात आरमार उभारणीस चालना मिळाली. पुढे आंग्रे घराण्याच्या काळात कुलाबा व विजयदुर्ग ही आरमाराची प्रमुख ठाणी बनली. विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठी खडक फोडून तयार केलेल्या गोदीचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. जहाजे पाण्याबाहेर घेऊन त्यांच्या तळाची डागडुजी करण्याची सोय किल्ल्याइतकीच आवश्यक मानली जात होती, याचा हा दगडी पुरावा होय.

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमारविषयक विवेचन या संदर्भात उद्‌बोधक आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात आरमारासाठी लागणारे सागासारखे लाकूड स्वराज्यातील अरण्यांतून परवानगीनेच तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे, असे सांगितले आहे. आंबा, फणस यांचे लाकूडही उपयोगी असले तरी रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या या झाडांना हात लावू नये, अशी ताकीदही त्यात आहे. पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे व कशी करावी, याचाही विचार तेथे आढळतो. लाकूड सहज मिळणारी वस्तू नाही, म्हणून बांधलेले जहाज जपून वापरले पाहिजे, ही जाणीव या सर्व विवेचनामागे दिसते.

कोकणातील निगेचे चक्र मोसमी वाऱ्यांशी जोडलेले होते. ज्येष्ठाच्या सुमारास समुद्र खवळण्यापूर्वी गलबते खाडीत आणली जात. मोठ्या भरतीच्या वेळी ती किनाऱ्यावर ओढून घेतली जात आणि झापांच्या छपराखाली ठेवली जात. छपराचा हेतू लाकडाला ऊन लागू न देणे एवढाच नव्हता, तर पावसाचे गोडे पाणी सांध्यांत मुरू न देणे हाही होता. तळावरचे शेवाळ व शिंपले खरवडून काढल्यावर पाण्याखालील भागास चुना आणि तेल किंवा चरबी यांचे मिश्रण लावले जाई. पाण्यावरील भागास माशांच्या तेलाचे हात दिले जात. मुशीच्या यकृताचे तेल, करंजेल आणि पुढील काळात काजूच्या टरफलाचे तेल यांचाही उपयोग होई. फळ्यांच्या फटींत कापूस वा काथ्या ठोकून त्यावर राळ व तेल एकत्र कढवून भरले जाई. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटण्याची प्रथा हा या वार्षिक चक्राचा धार्मिक-सामाजिक शेवट होता. कोळीवाड्यांत सणापूर्वी होड्यांना नव्याने रंग देण्याची जी लगबग आजही दिसते, ती याच चक्राचा अवशेष म्हणता येईल.

सुरतेच्या सुतारांचे कौशल्य याहून एक पाऊल पुढे होते. तेथील मोठ्या जहाजांत एका फळीची कड दुसऱ्या फळीच्या खाचेत बसवून सांधा जुळविला जात असे आणि सांध्यात चुना-तेलाच्या मिश्रणाबरोबर कापूस घातला जाई. जॉन हेन्री ग्रोस या इंग्रज प्रवाशाने १७५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सुरतेची जहाजे शतकभर टिकतात, असे नमूद करताना सागवान, सांध्यांची ही पद्धत आणि फळ्यांत मुरविले जाणारे तेल या तिन्हींचा उल्लेख केला आहे. लाकूड, जोडकाम व निगा या तीन गोष्टी एकत्र पाहण्याची त्याची दृष्टी पुढील अनेक लेखकांत आढळत नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

मुंबई गोदी : बांधणीपूर्वी दुरुस्ती

ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेचे कुशल पारशी सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईत आणले. त्यांच्या घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे मुंबई गोदीतील मुख्य जहाजबांधणीकाराचे पद सांभाळले आणि तीनशेहून अधिक लहानमोठी जहाजे बांधली. रुत्तनजी अर्देशिर वाडिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या घराण्याच्या कार्याचा विस्तृत इतिहास आला आहे.

तथापि मुंबईचे खरे सामर्थ्य प्रथम दुरुस्तीच्या क्षेत्रात होते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी चार ते पाच मीटरपर्यंत चढते व उतरते. या नैसर्गिक अनुकूलतेमुळे भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घेऊन ओहोटीला गोदी कोरडी करणे शक्य होते. पहिली सुकी गोदी १७५० मध्ये तयार झाली. तिच्या जोडीला १७६२ व १७६५ मध्ये आणखी दोन भाग बांधण्यात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डंकन गोदीची भर पडली.

कोरोमंडल किनाऱ्यावर ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मोठ्या जहाजांना सुरक्षित आसरा नव्हता. त्यामुळे तेथील ब्रिटिश आरमाराला डागडुजीसाठी मुंबई गाठावी लागे. फ्रेंच सेनानी सुफ्राँ याच्याशी १७८२ मध्ये झालेल्या लढायांनंतर ॲडमिरल ह्यूज याचे आरमार दुरुस्तीसाठी मुंबईतच आले होते. बंगालच्या उपसागरातील सत्तास्पर्धेचा निकाल अशा रीतीने काही अंशी मुंबईतील सुतार, लोहार आणि फटी बुजविणारे कामगार यांच्या वेगावर अवलंबून होता. विजयदुर्ग १७५६ मध्ये पडला आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या सुक्या गोदीला प्रतिस्पर्धी उरला नाही. आरमारी वर्चस्वाच्या इतिहासात डागडुजीच्या सोयींचा हा वाटा दुर्लक्षून चालणार नाही.

जमशेटजी बमनजी वाडिया (१७५४-१८२१) यांच्या काळात मुंबई गोदीने नवी उंची गाठली. ७४ तोफांचे ‘मिंडेन’ हे जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरले. ब्रिटनबाहेर बांधलेले ब्रिटिश नौदलाचे हे पहिले मोठे युद्धजहाज होय. त्यानंतर ‘कॉर्नवॉलिस’ (१८१३), ‘वेलस्ली’ (१८१५), ‘ट्रिंकोमाली’ (१८१७), ‘गँजेस’ (१८२१) आणि ‘एशिया’ (१८२४) ही जहाजे मुंबईत तयार झाली. १८४२ चा नानकिंगचा तह ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. हेच जहाज पुढे इंग्लंडमध्ये शिअरनेस येथे धक्का म्हणून वापरण्यात आले आणि १९५७ मध्ये मोडले गेले. ‘वेलस्ली’ १९४० मध्ये जर्मन हवाई हल्ल्यात बुडाले. तेव्हा त्याचे वय १२५ वर्षांचे होते.

याच कालखंडातील एका ओकच्या जहाजाचे उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. १८१० मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात उतरलेले ‘क्वीन शार्लट’ हे प्रचंड युद्धजहाज प्रत्यक्ष सेवेत जाण्यापूर्वीच इतके कुजले की त्याची मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी करावी लागली. घाईने वापरलेले पुरेसे न वाळलेले लाकूड आणि आतील कोंडलेली हवा ही त्यामागील प्रमुख कारणे मानली जातात. ओक हे मुळात दुबळे लाकूड नाही. नीट वाळविलेल्या ओकची जहाजेही दीर्घकाळ टिकली आहेत. यावरून लाकडाची जात जितकी महत्त्वाची, तितकीच ते वाळविण्याची आणि त्यात हवा खेळती ठेवण्याची दक्षता महत्त्वाची, हे स्पष्ट होते. सागाच्या बाबतीत ही दक्षता जंगलातच सुरू होई. ओले सागवान पाण्यावर तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल व कोवळे लाकूड वर्तुळाकार कापून ते दोन-तीन वर्षे उभेच वाळू दिले जाई आणि मगच तोडून नदीच्या प्रवाहात सोडले जाई. वाहतुकीच्या सोयीसाठी रूढ झालेल्या या पद्धतीमुळे लाकूड गोदीत पोहोचण्यापूर्वीच बरेचसे वाळलेले असे.

तळाचे रक्षण : चुन्यापासून तांब्यापर्यंत

टेरेडोपासून तळाचे रक्षण करण्यासाठी ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून प्रयोग केला. लाकूड सुरक्षित राहिले आणि शेवाळही कमी धरले. मात्र तांबे व लोखंड खाऱ्या पाण्यात परस्परांच्या सान्निध्यात आल्यामुळे लोखंडी खिळे झपाट्याने झिजले. १७७९ नंतर नौदलाने तांब्याचे पत्रे सरसकट वापरण्यास आरंभ केला, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला आणि १७८३ च्या सुमारास पाण्याखालील भागात लोखंडाऐवजी तांबेमिश्रित धातूचे बोल्ट वापरण्याचा निर्णय झाला.

सर हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये तांब्याची झीज थांबविण्यासाठी त्याला जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडण्याचा उपाय सुचविला. झीज थांबली, पण तळावर शिंपले व शेवाळ पुन्हा वाढू लागले. तांबे सूक्ष्म प्रमाणात विरघळते म्हणूनच सागरी जीव त्यावर वस्ती करीत नाहीत, हे या अपयशातून उमगले. जे झिजते तेच रक्षण करते, असा हा विरोधाभास आहे. पारंपरिक चुन्या-तेलाचा थरही याच तत्त्वावर काम करीत असे. तो दरवर्षी झिजावा आणि दरवर्षी नव्याने द्यावा, अशीच त्याची योजना होती. निगा म्हणजे एकदाच करावयाचा कायमचा उपाय नसून नियमाने पुनःपुन्हा करावयाचे कर्म आहे, हे सूत्र दोन्ही पद्धतींत समान आढळते.

डेकची निगा

जहाजाच्या डेकवरील फळ्यांची निगा हा स्वतंत्र विषय आहे. युरोपीय नौदलांत वालुकाश्माच्या ठोकळ्याने, वाळू व समुद्राचे पाणी वापरून डेक घासण्याची रीत होती. त्यामुळे डेक स्वच्छ व पांढरा दिसे, खलाशांना शिस्त लागे. परंतु प्रत्येक घासणीबरोबर लाकडाचा सूक्ष्म थरही निघून जाई. शिस्तीचे साधन आणि झिजेचे कारण एकच होते.

फळ्यांमधील फटींत जुन्या दोरांचे तंतू ठोकून त्यावर डांबर ओतले जाई. हे काम वरवर साधे वाटले तरी त्यात कौशल्य होते. तंतू सैल बसले तर पाणी झिरपते आणि फार घट्ट बसले तर फळ्या फुगताना खिळे उखडतात. लाकडी हातोड्याच्या आवाजावरून जाणकार कारागीर फट भरली की नाही हे ओळखत असे. अशा ज्ञानाची नोंद लेखी स्वरूपात फारशी झाली नाही. ते उस्तादाच्या हातून शिकाऊ मुलाच्या हाती गेले.

सागवानी डेकबाबत आधुनिक अनुभवही याच दिशेने निर्देश करतो. पॉलिशपेपरने वा यंत्राने वारंवार घासणे, आम्लयुक्त द्रव वापरून लाकूड उजळविणे किंवा दाबाने पाण्याचा झोत मारणे यांमुळे लाकडाच्या रेषांमधील मऊ भाग निघून जातो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. उलट मऊ ब्रशने रेषांना आडवे घासून समुद्राच्या पाण्याने धुणे आणि नैसर्गिक करडा रंग तसाच राहू देणे ही सर्वांत कमी झीज करणारी पद्धत मानली जाते. तेल दिल्यास सोनेरी झाक येते. परंतु ती काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते आणि त्या थरावर मळ व बुरशी धरण्याची शक्यता असते. व्हार्निशचे अनेक हात दिल्यास कठडे, दारे व आतील लाकूडकाम सुरेख दिसते. मात्र थर कोठेही फुटला तर आत शिरलेले पाणी अडकून पडते आणि तेथील लाकूड काळवंडते. सागवानाच्या अंगच्या तेलामुळे व्हार्निश व सरस यांची पकडही कमी होते. त्यासाठी हात देण्यापूर्वी ॲसिटोनसारख्या द्रावकाने पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो. थोडक्यात, लाकूड नवे दिसावे ही इच्छा आणि ते दीर्घकाळ टिकावे ही गरज, या दोहोंत अनेकदा विरोध असतो.

जंगलांनी मोजलेली किंमत

जहाज जपण्याचा प्रश्न अंतिमतः जंगलाशी जाऊन भिडतो. नेपोलियनशी चाललेल्या युद्धांच्या काळात इंग्लंडमध्ये ओकची टंचाई भासू लागली आणि कंपनीची दृष्टी मलबारच्या सागाकडे वळली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन याची मलबार व त्रावणकोर भागात वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. पाठोपाठ सागावर कंपनीचा एकाधिकार प्रस्थापित करण्यात आला. स्थानिक जमीनदार, व्यापारी व रयत यांच्या परंपरागत हक्कांवर त्यामुळे गदा आली. वाढत्या असंतोषाची दखल घेऊन सर टॉमस मन्रो याच्या कारकिर्दीत, १८२३ मध्ये, ही व्यवस्था रद्द करण्यात आली. म्हणजे ‘मिंडेन’पासून ‘गँजेस’पर्यंतची प्रसिद्ध जहाजे ज्या काळात तयार झाली, तोच काळ मलबारच्या जंगलांवरील या कठोर नियंत्रणाचाही होता.

पुढे मलबारचा जिल्हाधिकारी एच. व्ही. कॉनोली याच्या पुढाकाराने आणि चाथू मेनन यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली १८४० च्या दशकात निलांबूर येथे सागाची लागवड यशस्वी झाली. जगातील आरंभीच्या नियोजित साग-लागवडींमध्ये तिची गणना होते. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. डांगमधील भिल्ल राजांकडून १८४० च्या दशकात जंगलांचे पट्टे घेण्यामागेही सागवानाचा पुरवठा हाच प्रमुख हेतू होता. ‘आज्ञापत्रा’त रयतेच्या झाडांविषयी व्यक्त झालेली काळजी आणि कंपनीच्या काळातील एकाधिकार या दोहोंची तुलना केल्यास राज्यसंस्था व अरण्य यांच्या बदलत्या नात्याची कल्पना येते. लाकूड स्वस्त व मुबलक मिळू लागले की जुने जपण्यापेक्षा नवे बांधण्याकडे कल वाढतो; ते दुर्मीळ झाले की निगेचे मोल कळते.

‘ट्रिंकोमाली’ : निगेचा जिवंत पुरावा

या सर्व विवेचनाची कसोटी म्हणून ‘ट्रिंकोमाली’ या जहाजाचा विचार करता येईल. या जहाजाचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने पकडले, त्यामुळे आराखडे पुन्हा पाठवावे लागले आणि काम लांबले. अखेर १८१६ मध्ये मुंबईत जहाजाच्या तळाचा मुख्य वासा बसविण्यात आला. त्या वेळी पारशी प्रथेनुसार जमशेटजी वाडिया यांनी त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मलबारी सागवानाचे हे जहाज पाण्यात उतरले.

जहाज १८१९ मध्ये इंग्लंडला पोहोचले, तेव्हा नेपोलियनशी झालेली युद्धे संपली होती. त्याची गरज उरली नव्हती. डोलकाठ्या उतरवून, वर छप्पर घालून ते १८४५ पर्यंत राखीव ठेवण्यात आले. कोकणात गलबते पावसाळ्यापुरती झापांखाली विसावत. ‘ट्रिंकोमाली’ पाव शतक छपराखाली विसावले. त्यानंतर त्याची फेररचना झाली आणि १८५७ पर्यंत त्याने उत्तर अमेरिका, वेस्ट इंडिज व पॅसिफिक महासागरात सेवा बजावली. १८६० पासून ते प्रशिक्षण जहाज झाले. १८९७ मध्ये ते मोडीत निघाले असता जॉर्ज व्हीटली कॉब यांनी विकत घेतले आणि ‘फूद्रोयाँ’ या नावाने तरुणांच्या प्रशिक्षणासाठी वापरात आणले. हे कार्य १९८६ पर्यंत चालू राहिले.

जहाज १९८७ मध्ये हार्टलपूल येथे नेण्यात आले. १९९० ते २००१ या काळात त्याचे जीर्णोद्धाराचे काम चालले. १९९२ मध्ये त्याला मूळ नाव परत मिळाले. मूळ लाकडाचा सुमारे दोन तृतीयांश भाग अद्याप शाबूत असल्याचे मानले जाते. ब्रिटनमधील आजही तरंगत असलेले हे सर्वांत जुने युद्धजहाज होय.

या दोनशेहून अधिक वर्षांच्या आयुष्यक्रमाकडे पाहता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मूळ लाकडाचा एक तृतीयांश भाग गेला, म्हणजेच सागवानही कुजते, झिजते आणि बदलावे लागते. जो भाग राहिला, तो प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी छप्पर घातले, कोणीतरी फटी बुजविल्या, कोणीतरी जहाज वापरात ठेवले म्हणून राहिला. ‘मिंडेन’, ‘गँजेस’ व ‘एशिया’ हीदेखील मुंबईत बांधलेली सागवानी जहाजेच होती; परंतु उपयोग संपल्यावर ती मोडली गेली. लाकूड तेच होते. फरक पडला तो पुढील पिढ्यांच्या निर्णयांमुळे.

विद्यमान स्थिती

आज सागवान पुन्हा टंचाईच्या वळणावर आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. तेथील लष्करी उठावानंतर युरोपीय संघाने २०२१ मध्ये सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध लादले. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तांबड्या यादीत नैसर्गिक सागाची नोंद संकटग्रस्त प्रजाती म्हणून झाली. अशा स्थितीत जुन्या जहाजावरील प्रत्येक सागवानी फळी ही केवळ दुरुस्तीची वस्तू न राहता जतन करण्याजोगा ठेवा ठरते.

दुसरीकडे, कोकण किनाऱ्यावर काचतंतूच्या होड्यांचा प्रसार झाल्यामुळे लाकडी होड्यांची निगा राखणारे कारागीर कमी होत आहेत. होडी नव्या साहित्याची झाली म्हणून हळहळण्याचे कारण नाही. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाला कमी खर्चाची व कमी कष्टाची होडी हवी असणे स्वाभाविक आहे. परंतु चुना, राळ, करंजेल, काथ्या यांचे प्रमाण, वेळ आणि हात यांचे ज्ञान नोंदविल्याशिवाय लुप्त झाले, तर इतिहासाचे एक साधन कायमचे नष्ट होईल. किनारी भागातील महाविद्यालयांचे इतिहास, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व मराठी हे विभाग एकत्र येऊन वयोवृद्ध कारागिरांच्या मुलाखती, शब्दसंग्रह आणि साहित्याचे नमुने संकलित करू शकतील. हे काम आंतरविद्याशाखीय आहे आणि त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती वेळेची. कारण ही माहिती सांगू शकणारी पिढी वृद्ध झाली आहे.

निष्कर्ष

१. सागवानी जहाजांचा टिकाऊपणा हा केवळ लाकडाचा गुण नसून लाकूड, जोडकाम व सातत्यपूर्ण निगा यांचा संयुक्त परिणाम आहे.
२. पश्चिम किनाऱ्यावरील निगेची परंपरा मोसमी हवामानाशी सुसंगत होती आणि गोड्या पाण्यापासून लाकडाचे रक्षण हे तिचे एक महत्त्वाचे अंग होते.
३. मुंबई गोदीच्या उत्कर्षात नव्या जहाजांच्या बांधणीइतकेच दुरुस्तीच्या सोयींचे महत्त्व होते.
४. जहाजबांधणीच्या गौरवशाली इतिहासाला मलबार व डांग येथील जंगलांच्या आणि तेथील लोकांच्या हक्कांच्या संकोचाची दुसरी बाजू आहे.
५. जतन करताना लाकूड नवे दिसण्यापेक्षा मूळ लाकूड अधिकाधिक काळ राहील, याला अग्रक्रम देणे योग्य ठरते.

‘ट्रिंकोमाली’च्या तळात ठोकलेला चांदीचा खिळा बांधणाऱ्याचे स्मरण करून देतो. त्या जहाजाच्या फटी ज्या शेकडो हातांनी दोन शतके बुजविल्या, त्यांची नावे त्यावर कोरलेली नाहीत. जहाज आजही तरंगते, हीच त्यांच्या कामाची नोंद होय. सागरी इतिहासाच्या लेखनात या नोंदीला स्थान मिळणे आवश्यक आहे.